रेलीनचा पहिला दगड, आणि क्लेमचा

रेलीन,

तुझ्याबद्दल लिहायला घेतलं आहे. आधीच सांगते, वाचून झाल्यावर फोन करून चुका काढत बसू नकोस. तू चुका काढायला लागलीस की माझी जेवणाची वेळ टळते. आणि सगळं 'तू, तू' करत लिहिलं तर प्रत्येक वाक्याला तू समोर येऊन बसशील आणि मला धड काही सांगता येणार नाही. म्हणून इथून पुढे तू 'ती' आहेस. गप्प बसून ऐक. गुरुवारचं काय ते शेवटी बोलू.

रेलीन डगन छप्पन्न वर्षांची असताना मेरिडेलची बेकरी बंद झाली. चोवीस वर्षं ती तिथे पहाटे जाऊन पॅटिस करायची. करी घातलेल्या शिंपल्यांचे तिचे पॅटिस खायला लोक होबार्टहून गाडी काढून यायचे. मालक म्हातारा झाला, त्याची मुलगी म्हणाली मला यात पडायचं नाही, आणि एका शुक्रवारी भट्टी विझली ती विझलीच. आमच्या या मेंढ्यांच्या पट्ट्यात बाईमाणसाला दुसरं काम म्हणजे महामार्गावरचा पेट्रोल पंप. तिथे सँडविच गरम करायची आणि ट्रकवाल्यांची थट्टा ऐकायची. रेलीनने दोन आठवडे तेही केलं. तिसऱ्या आठवड्यात ती एका लग्नाची फुलं पोचवायला सेंट बार्थोलोम्यूला गेली आणि चर्चच्या दारावरची नोटीस वाचत उभी राहिली.

चर्च दुरुस्तीला काढलं होतं. बोटीने इथे हद्दपार करून आणलेल्या कैद्यांनी बांधलेलं, पावणेदोनशे वर्षांचं, पिवळट वाळूच्या दगडाचं. दुरुस्तीबरोबर सहा महिने पाथरवटाचं काम शिकवणार होते. वयाची अट कुठेच लिहिली नव्हती.

"ते लिहायचं राहून गेलं असेल," तिचा नवरा नेव्ह म्हणाला. नेव्हने चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या होत्या आणि आता त्याची पाठ फक्त खुर्चीच्या आकारात बसायची. "छप्पन्नाव्या वर्षी दगड फोडणार तू?"

"फोडायचे नाहीत. घडवायचे आहेत."

"चर्चमध्ये शेवटची कधी गेली होतीस?"

"आज. फुलं द्यायला."

चारजण घेतले. रेलीन, एक निवृत्त बसमेकॅनिक, वास्तुकला शिकलेली होबार्टची एक मुलगी, आणि एक सुतार. सहा महिन्यांत प्रत्येकाने काय करायचं ते ठरलेलं होतं. एक दगड पहिल्या टाकीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने घडवायचा आणि तो भिंतीत बसवायचा. मार्चच्या शेवटी होबार्टहून तपासणीस येणार. दगड पास झाला तर कागद मिळणार. तो कागद असला तरच पुढे कुठल्याही जुन्या इमारतीला, पुलाला, चर्चला हात लावता येतो. नसला तर बाकीच्या तिघांना आपापलं पोटापाण्याचं होतं. रेलीनला पेट्रोल पंप होता.

शिकवायला क्लेम ओटवे. सत्तरीचा, बुटका, कानांत कायम दगडाची भुकटी, गुडघे कामातून गेलेले. तो ओरडायचा नाही. चिडला की माणसाला एकदम आडनावाने आणि अहो-जाहो करून बोलवायचा. 'मिसेस डगन, आपण जरा इकडे येता का' असं त्याने म्हटलं की मेकॅनिकसुद्धा हातातलं खाली ठेवायचा.

पहिल्या दिवशी त्याने चौघांना चर्चभोवती फिरवलं आणि दक्षिणेच्या दाराशी थांबवलं. दाराच्या डाव्या हाताला, खालून तिसऱ्या दगडाचं तोंड सोलत होतं. अख्खी भिंत गुळगुळीत आणि हा एकटा महारोग्यासारखा.

"हा दगड जमिनीत थरावर थर असा झोपलेला असतो," क्लेम म्हणाला. "भिंतीतही तसाच झोपवायचा. थर उभे करून बसवलात की पाणी आत शिरतं आणि तोंडाची कातडी निघते."

"पापुद्रे," रेलीन म्हणाली.

"काय?"

"पॅटिसचे पापुद्रे. आडवे असले तर वरून वजन झेपतं. उभे असले तर नुसतं फुंकलं तरी सुटतात."

क्लेमने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "हो. तसंच."

"मग हे कुणी केलं?"

"कैद्यांनी. रम पिऊन काम करायचे लेकाचे."

पुढे होबार्टच्या वर्तमानपत्राची बाई आली, तिलाही त्याने तो दगड दाखवला आणि हेच सांगितलं. तिने छापलं. बिचारे कैदी.

पहिले पाच आठवडे कुणी छिन्नी धरली नाही. मागच्या पिढीने सांध्यांत सिमेंट कोंबून ठेवलं होतं, ते खरवडून काढायचं, चुना भिजवायचा, चाळायचा, मळायचा आणि दगडांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, त्याने भरायच्या. बाकीच्यांचे खांदे भरून आले. रेलीनला काही वाटलं नाही. चोवीस वर्षं कणीक मळणाऱ्या हाताला चुना म्हणजे काय मोठंसं. क्लेमने तिच्या दर्जांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वाईट नाही." संध्याकाळी तिने ते नेव्हला सांगितलं. नेव्ह म्हणाला, "लग्नात मी तुझ्याबद्दल एवढंच म्हणालो होतो तर तू दोन दिवस बोलली नव्हतीस."

मग दगड आले. खाणीतून येणाऱ्या प्रत्येक ठोकळ्यावर तांबड्या रंगाचा बाण असतो. जमिनीत असताना त्याची वरची बाजू कुठली, ते सांगणारा. कोरडा असताना या दगडाचे थर डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा बाण हेच सगळं. घडवताना बाणाची बाजू तासायची वेळ आली तर आधी दुसऱ्या बाजूवर बाण काढायचा, मग तासायचं. "बाण आधी, छिन्नी नंतर," क्लेम रोज सकाळी म्हणायचा, जेवणाआधी प्रार्थना म्हणावी तसं. चौघं मान हलवायची आणि मनात दुसराच विचार करायची, जेवणाआधी करतात तसंच.

तीन-चार महिने सरावाच्या ठोकळ्यांवर गेले, मग रेलीनच्या वाट्याला उत्तरेच्या खिडकीच्या कडेचा दगड आला. सव्वा फूट उंच, जवळजवळ तेवढाच रुंद, पुढची कड तिरकी तासलेली. तिने तीन आठवडे घेतले. ओट्यावर ठोकळा, हातात मोगरी, कमरेला काटकोन तपासायचा गुण्या. टाकीचा आवाज बरोबर लागला की घंटेसारखा यायचा आणि चुकला की डब्यासारखा. दुसऱ्या आठवड्यात डब्याचा आवाज बंद झाला. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे तिच्या दगडाजवळ येऊन बसायला लागले. वास्तुकलावाली मुलगी म्हणाली, "रेलीन, तुमची कड माझ्या फूटपट्टीपेक्षा सरळ आहे." क्लेमने आपली जुनी, मूठ झिजलेली मोगरी तिच्या ओट्यावर ठेवली आणि निघून गेला. ती परत नेली नाही.

तपासणी शुक्रवारी होती. मंगळवारी दुपारी चार वाजता दगड पुरा झाला. बाकीचे घरी गेले होते. रेलीनने थर्मासमधून चहा ओतला, कप दगडाच्या माथ्यावर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून आपल्या कामाकडे बघत उभी राहिली. वाऱ्याने ताडपत्री फडफडली, तिचं कोपर लागलं आणि कप कलंडला.

तिने झटकन रुमालाने टिपलं. डाग राहू नये म्हणून वरून पाणी ओतलं. पाणी सुकायला लागलं आणि माथ्यावर रेषा उमटल्या. बारीक, एकाला एक लागून, पुढच्या तोंडाला समांतर, जाड वहीच्या कडेला कागद दिसावेत तशा.

माथ्यावर रेषा दिसायलाच नको होत्या. थर झोपलेले असते तर रेषा बाजूंना दिसल्या असत्या, आडव्या. माथ्यावर दिसल्या याचा अर्थ थर उभे होते. तोंड बाहेर करून.

ती ओट्याच्या फळीवर बसली. मग तिला मागचा एक सोमवार आठवला. तिरकी कड हाताशी यावी म्हणून तिने ठोकळा कलता केला होता. बाणाची बाजू तासायची होती. तेवढ्यात मेकॅनिकने विचारलं, शिंपल्यांच्या पॅटिसमध्ये करी पावडर आधी परतायची की दुधात कालवायची. तिने त्याला सगळं सविस्तर सांगितलं, कांदा किती परतायचा इथपर्यंत, आणि सांगता सांगता बाणाची बाजू तासून टाकली. चहा पिऊन आल्यावर नवा बाण काढला. ठामपणे काढला. फक्त चुकीच्या बाजूवर काढला.

घरी तिने नेव्हला सांगितलं. नेव्ह मटण कापत होता.

"भिंतीत बसला की माथा दिसतो का?"

"नाही. त्याच्यावर दुसरा दगड येतो."

"सोलायला किती वर्षं लागतात?"

"तीस. चाळीस."

"चाळीस वर्षांनी तू शहाण्णव वर्षांची असशील. कुणी विचारलं तर सांग, मला ऐकू येत नाही."

ती हसली. पण मटण तिने तसंच ठेवलं. नेव्हने ते पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. "सांगितलंस तर कागद गेला?"

"गेला. तीन दिवसांत दुसरा दगड होत नाही."

"आणि पेट्रोल पंप?"

"त्यांनी टोपी अजून माझ्या नावाने ठेवली आहे म्हणे."

नेव्ह म्हणाला, "चोवीस वर्षं पापुद्रे लाटलेस तू. तुलाच हे व्हायचं होतं." हे तो सांत्वन म्हणून म्हणाला होता. त्याला सांत्वन तेवढंच जमतं.

बुधवारी सकाळी साडेसातला क्लेम ताडपत्री सोडत होता. रेलीनने गुड मॉर्निंगसुद्धा म्हटलं नाही. बादली उचलली, दगडाच्या माथ्यावर पाणी ओतलं आणि म्हणाली, "सुकू दे. मग बघ."

दोघं उभी राहिली. रेषा उमटल्या. रेलीन 'मिसेस डगन' ऐकायच्या तयारीत होती.

"कधी कळलं?" क्लेमने विचारलं.

"काल चारला."

"आता साडेसात. म्हणजे साडेपंधरा तास." तो वाकून रेषांवरून नख फिरवत राहिला. "मला पन्नास वर्षं लागली."

तो तिला घेऊन दक्षिणेच्या दाराशी गेला. खालून तिसरा दगड. त्याने हात लावला तर बोटांना वाळू आली.

"हा कैद्यांचा नाही," क्लेम म्हणाला. "एकोणसाठ साली इथे दुरुस्ती झाली. मी वीस वर्षांचा होतो. हा माझा."

रेलीनने वाकून दगडाची कड पाहिली.

"बसवल्यावर तासाभराने कळलं. उस्ताद जेवायला गेले होते. चुना ओला होता, काढता आला असता. नाही काढला. त्याच आठवड्यात माझाही कागद होता." त्याने बोटांवरची वाळू विजारीला पुसली. "दर नाताळला इथे येतो. लोक आत बाळ येशू बघायला जातात, मी बाहेर हा किती सोलला ते बघतो."

पाथरवट दगडाच्या लपलेल्या बाजूवर आपली खूण कोरतात. चार-दोन रेघा, ज्याच्या त्याच्या. पहिला दगड पास झाला की खूण ठरवायची अशी रीत आहे. रेलीनने विचारलं, "खूण आहे तुझी याच्यावर?"

"नाही टाकली. तेवढी लाज होती."

"आणि सहा महिने कैद्यांना शिव्या घालतोयस."

"ते कुठे तक्रार करायला येतात."

"पेपरात छापून आलं, क्लेम. रम पिऊन म्हणालास."

"रम प्यायचे ते," क्लेम म्हणाला. "तेवढं खरं आहे."

रेलीनला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग आवरेना. तीही हसली आणि तोही, गुडघे धरून, कारण त्याला सरळ उभं राहून हसता येत नसे. मेकॅनिक आला तेव्हा त्याला वाटलं कुणीतरी गेलं आणि ही दोघं रडताहेत.

नवा ठोकळा ओट्यावर चढवला. क्लेमने त्याला छिन्नी लावली नाही. लावता येत नाही, दगड ज्याचा त्याने घडवायचा. पण दोन दिवस त्याने तिच्या छिन्न्यांना धार लावली, चहा केला आणि कुणालाही तिच्याशी स्वयंपाकावर बोलू दिलं नाही. चारी बाजूंना तिने चार बाण काढले. नेव्ह दुपारी डबा घेऊन आला. बसायला जागा नव्हती म्हणून त्याने मेकॅनिकच्या मदतीने तिचा पहिला दगड फाटकाजवळ लोळवत नेला आणि आडवा टाकून त्याच्यावर बसला.

क्लेम तिकडे बघून म्हणाला, "आता बरोबर पडलाय. थर झोपले."

तो दगड अजून तिथेच आहे. लग्नाला आलेले लोक त्याच्यावर बसून बुटातले खडे काढतात.

शुक्रवारी होबार्टहून तपासणीस मिस लीथ आल्या. उंच, सडपातळ, पायांत पुरुषी बूट. मेकॅनिकचा दगड पास झाला, सुताराचा झाला, मुलीचा झाला. रेलीनचा दगड ओट्यावर होता. तिरकी कड अर्धी उतरली होती, एका बाजूला टाकीही लागली नव्हती.

"हा अपुरा आहे," मिस लीथ म्हणाल्या.

"हो. पहिला चुकला," रेलीन म्हणाली. "थर उभे गेले. तो तिकडे, माझ्या नवऱ्याच्या खाली."

नेव्हने बसल्या जागेवरून टोपी काढली.

"कुणी पकडलं?"

"मीच. चहा सांडला."

मिस लीथनी वही उघडली. "मी अपुऱ्या दगडावर सही करत नाही, मिसेस डगन."

"करूच नका," क्लेम मधे म्हणाला. "सहा आठवड्यांनी या. दोन दगड बघायला."

"दोन कसे?"

क्लेमने घसा साफ केला. तिथे चौघं शिकाऊ होती, नेव्ह होता, पाद्रीणबाई होत्या, आणि सुगीच्या प्रार्थनेसाठी भोपळे आणि सफरचंदं घेऊन आलेल्या सहा-सात बायका होत्या. भोपळा हातात धरून मीही होते. त्या सगळ्यांसमोर त्याने दक्षिणेच्या दाराच्या दगडाचं सांगितलं. एकोणसाठ सालापासून, ओल्या चुन्यापासून, सगळं. "तो काढायचा आहे. माझे गुडघे आता तिथे बसू देत नाहीत. मिसेस डगन काढतील आणि त्या जागी नवा बसवतील. काम वाढलं, तेव्हा शिकवणीही वाढली. नियमात बसतं का बघा."

मिस लीथ त्या दारापर्यंत चालत गेल्या, सोललेल्या तोंडावरून त्यांनी अंगठा फिरवला, परत आल्या. "एकोणसाठ साली तुमच्या कागदावर सही कुणी केली होती?"

"तुमच्याच ऑफिसातल्या एका साहेबांनी."

"दगड पाहिला होता त्यांनी?"

"पावसात बाहेर आलेच नाहीत ते."

मिस लीथनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "मे महिन्याची आठ तारीख. मी पावसातही बाहेर येते."

आणि आल्या. नेमका पाऊस होता. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून त्यांनी उत्तरेची खिडकी पाहिली, दक्षिणेचं दार पाहिलं, चुन्यावर घातलेलं गोणपाट उचलून पाहिलं. कागदावर सही झाली. सहीवर पावसाचा थेंब पडला आहे, रेलीनने तसाच तो चौकटीत घातला आहे.

खूण तिने आधीच ठरवली होती, पण कोरली नव्हती. क्लेमने वरचे दगड तोवर बसवू दिले नव्हते, म्हणून दोन्ही दगडांच्या माथ्यावर तिने त्या दिवशी कोरली: चार बारीक उभ्या रेघा, जवळ जवळ. पॅटिसची कड काट्याने दाबतात तशी. क्लेमने विचारलं हे काय. तिने सांगितलं. "वाईट नाही," तो म्हणाला.

त्यानंतर ती अकरा वर्षं दगडात होती. ऑटलंड्सच्या बाजूच्या दोन गिरण्या, तीन पूल, एक तुरुंग, आणि चर्चं किती ते ती स्वतःही मोजत नाही. क्लेम गेला तेव्हा त्याच्या थडग्यावरची फरशीही तिनेच बसवली. आता तीच शिकवते. रोज सकाळी 'बाण आधी, छिन्नी नंतर' म्हणते, आणि ओट्याजवळ कुणी स्वयंपाकाचा विषय काढला तर त्याला आडनावाने हाक मारते. पहिल्या दिवशी नव्या लोकांना ती फाटकाजवळच्या दगडापाशी नेते आणि सांगते, हा माझा. कैद्यांवर काही ढकलत नाही.

आता आपलं, रेलीन.

तू क्लेमचा दगड काढलास त्या दिवशी त्या दगडाचं तोंड एका तुकड्यात तुझ्या हातात आलं होतं. ताटाएवढं, बोटभर जाड, वर त्याच्या विसाव्या वर्षाच्या टाकीच्या रेघा. क्लेमने ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "किटसन टेकडीच्या खाणीत नेऊन टाका. जिथून आणला तिथे. मला आता चढ चढवत नाही." नेव्हच्या गाडीत मेंढ्यांचं खत भरलं होतं, म्हणून तू तो पापुद्रा गोणपाटात गुंडाळून माझ्या डिकीत ठेवलास. गुरुवारी जाऊ, म्हणालीस.

क्लेम भेटला की विचारायचा, "टाकला का?" आणि आपण दोघी एकदम म्हणायचो, "या गुरुवारी." एका गुरुवारी तुझं काम निघालं, एका गुरुवारी माझा दात. एका गुरुवारी आपण खरंच निघालो, आणि वाटेत रॉस गावात पॅटिस खायला थांबलो, आणि ते किती वाईट आहेत यावर बोलता बोलता संध्याकाळ झाली. क्लेम जाऊन आता चार वर्षं झाली.

मी गाडी बदलली तेव्हा तो तुकडा जुन्या डिकीतून नव्या डिकीत ठेवला. रेल्वे फाटकावर गाडी उडाली की मागून आवाज येतो. टेकडी इथून अकरा मैल आहे. या गुरुवारी मला काही काम नाही, आणि तुलाही नाही, मी नेव्हला विचारलं आहे.